ओळख परेडच्या आधी मी त्याचा फोटो पाहिला होता

पश्चिम उपनगरात राहणाऱ्या, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आहे. वय सत्तेचाळीस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

साडेचार वर्षांपूर्वी संध्याकाळी त्या गिरणीतून दळण घेऊन परत येत होत्या. गल्लीच्या तोंडाशी दोन मुलांनी त्यांच्याच इमारतीतल्या एका तरुणावर चॉपरने वार केले. "दहा-पंधरा सेकंदांत सगळं झालं." पोलिसांनी त्याच रात्री जबाब घेतला. अडीच-तीन महिन्यांनी कारागृहात ओळख परेड झाली, म्हणजे आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला सांगतात ती. तिथे बाईंनी दोघांपैकी एकाला ओळखलं, दुसऱ्याला ओळखता आलं नाही. तरुण वाचला, पण त्याचा उजवा हात अजून नीट चालत नाही. आता दिंडोशीच्या सत्र न्यायालयातून साक्षीचं समन्स आलं आहे.

अडचण अशी की परेडच्या काही दिवस आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी दोघांचे फोटो टाकले होते. खाली लिहिलं होतं, "हेच ते, पकडले!" बाईंनी फोटो मोठे करून पाहिले. नंतर हे कुणाला सांगितलं नाही, कारण "कुणी विचारलंच नाही". परेडमध्ये "हाच असावा" म्हणत बोट दाखवलं. बाहेर आल्यावर पोलीस अधिकारी म्हणाले, "शाब्बास मॅडम, बरोबर ओळखलंत." त्यानंतर कितीतरी महिने त्यांना अगदी खात्री होती. आता डोळ्यांसमोर येणारा चेहरा गल्लीतला की फोटोतला, हे कळत नाही. नवरा म्हणतो, परेडला सांगितलं तेच सांग, नाहीतर फितूर ठरशील, खोट्या साक्षीची केस अंगाशी येईल. जखमी मुलाची आई जिन्यात भेटली की म्हणते, "आता सगळं तुमच्यावर आहे." बाई विचारतात: "संमोहन वगैरे करून आठवण पक्की करून घेता येईल का? डोक्यात रेकॉर्ड तर झालेलंच असणार. आणि नाही झाली पक्की, तर मी कोर्टात काय सांगू?"

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. संमोहनाच्या वाटेला जाऊ नका. साक्षीच्या तारखेआधी सरकारी वकिलांना गाठा आणि त्या फोटोबद्दल सांगा. तो फोटो अजून फोनमध्ये असेल तर पुसू नका, आणि उघडून पाहूही नका. मी मानसशास्त्राची बाई आहे, वकील नाही. तेव्हा कायद्याबद्दल खाली जे लिहिते आहे ते सर्वसाधारण समजा आणि तुमच्या केसपुरतं एखाद्या वकिलाला विचारून घ्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. न्यायालयांमध्येच त्यांची कार्यालयं असतात.

आता तुमचं ते वाक्य घेऊ: "डोक्यात रेकॉर्ड तर झालेलंच असणार." तुमची सगळी घालमेल या वाक्यातून सुरू झाली आहे. असं काही रेकॉर्ड नसतं. आपण आठवतो तेव्हा ती घटना पुन्हा जुळवतो, आणि जुळवताना मधल्या काळात ऐकलेलं, वाचलेलं, दुसऱ्यांनी सांगितलेलंही त्यात येऊन बसतं. खात्री करायची तर आज रात्री घरात २६ जुलै २००५चा विषय काढा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या वयाच्या प्रत्येक मुंबईकराकडे त्याची एक गोष्ट आहे. घरातल्या मोठ्यांना वेगवेगळं विचारा: त्या रात्री कोण किती वाजता पोचलं, बरोबर कोण होतं, दिवे होते की गेले होते? प्रत्येकजण छातीठोकपणे सांगेल, आणि गोष्टी जुळणार नाहीत. खोटं कुणीच बोलत नसेल.

मानसशास्त्रज्ञांनी हे पद्धतशीर तपासलं आहे. जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, तेव्हा उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांचं दुसरं उत्तर पहिल्याशी जुळेना, पण खात्री मात्र भरपूर. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परत आली नाही. ती दडून बसलेली नव्हती, तिची जागाच दुसरीने घेतली होती. म्हणूनच संमोहनाला नाही म्हणते. संमोहनात माणूस अधिक सांगतो आणि अधिक ठामपणे सांगतो. त्यातलं खरं किती याचं प्रमाण वाढत नाही. तुम्ही खात्री मागताय, ती मिळेलही. फक्त ती कशाची असेल ते कुणाला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. घटनेनंतर लगेच, शांतपणे, मोकळे प्रश्न विचारून साक्षीदाराकडून जास्त माहिती मिळवण्याच्या चांगल्या पद्धती आहेत, पण त्या पहिल्या दिवसांसाठी. साडेचार वर्षं आणि एक फोटो मध्ये आल्यावर नव्हे.

चॉपरबद्दल तुम्ही जवळजवळ अर्धं पान लिहिलंय. मूठ काळी होती, पात्यावर पिवळा उजेड पडला होता, तो हात खाली येताना दोनदा दिसला. चेहऱ्याबद्दल एक ओळ आहे: "सावळा, मध्यम बांधा." (पोलीस जबाबातही हेच शब्द असतील. मालाडपासून दहिसरपर्यंत निम्मी तरुण मुलं या वर्णनात बसतील!) याची लाज वाटून घेऊ नका. समोर हत्यार असलं की डोळे हत्यारावर जातात, चेहऱ्यावर नाही, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. भीतीने सगळं मनावर कोरलं जातं, हाही असाच लोकप्रिय गैरसमज. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी सैनिकांची प्रशिक्षणाचा भाग म्हणून कठोर चौकशी केली गेली. चौकशी करणारा अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोर होता, उजेड पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी त्याला ओळखायला सांगितलं तेव्हा कितीतरी जणांनी भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं, आणि चौकशी जिथे जास्त कठोर होती तिथे चुका जास्त झाल्या. ते तर शिकवून तयार केलेले जवान. तुमच्या हातात दळणाचा डबा होता.

मग फोटो आला. इथे तुमच्या नेमक्या शंकेचं उत्तर आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. गल्लीत पाहिलेला चेहरा आणि फोनवर मोठा करून पाहिलेला चेहरा आता वेगळे काढता येणार नाहीत. आमटीत विरघळलेलं मीठ परत काढता येत नाही तसं. तुम्ही कितीही प्रामाणिकपणे डोळे मिटून बसलात तरी नाही, आणि आणखी बसलात तर मिसळण वाढेल.

हे किती दूर जाऊ शकतं याचं एक उदाहरण मानसशास्त्राच्या वर्गांत नेहमी सांगितलं जातं. १९८४मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका महाविद्यालयीन तरुणीवर बलात्कार झाला. हल्लेखोराचा चेहरा लक्षात ठेवायचाच, असं तिने त्या क्षणी ठरवलं होतं. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटन नावाच्या तरुणाचा फोटो निवडला. मग प्रत्यक्ष ओळख परेड झाली. फोटोंतही होता आणि परेडमध्येही होता असा माणूस एकच, कॉटन. तिने त्यालाच ओळखलं. फोटोतही तुम्ही यालाच निवडलं होतं, असं तिला सांगण्यात आलं. न्यायालयात ती ठाम होती, आणि खरा गुन्हेगार पुढे तिच्यासमोर उभा केला तेव्हा त्याला कधी पाहिलंच नाही असं तिने सांगितलं. १९९५मध्ये डीएनए चाचणीने कॉटन सुटला, दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून. डीएनए चाचणीमुळे अमेरिकेत निर्दोष सुटलेल्यांच्या प्रकरणांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक प्रकरणांत चुकीची ओळख हे एक कारण होतं.

तुमच्या केसमधला मुलगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. कदाचित तोच असेल. तुम्ही ओळखलंत त्यामागे गल्लीतली आठवणही असू शकते. पण ते तुमच्या बोटावरून ठरवता येणार नाही, एवढाच मुद्दा.

परेडचं थोडं. पोलीस आरोपीला न्यायालयात नेताना तोंडावर काळा बुरखा घालतात तो याचसाठी, की परेडआधी साक्षीदाराने त्याला पाहू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत परेडचे नियम आहेत: एका आरोपीसाठी किमान अर्धा डझन सारख्या दिसण्याची माणसं उभी करायची, आरोपीला जागा बदलू द्यायची, पोलिसांनी तिथे थांबायचं नाही. नियम चांगले आहेत. ते घडले तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आणि सोसायटीचा ग्रुप नव्हता, त्याला कोण काय करणार? परेडआधी साक्षीदाराने फोटो पाहिला असेल तर त्या ओळखीला फारसा अर्थ राहत नाही, असं आपली न्यायालयंही वारंवार सांगत आली आहेत. म्हणजे जी गोष्ट तुम्ही "कुणी विचारलंच नाही" म्हणून पोटात ठेवलीत, ती या केसमधली महत्त्वाची गोष्ट आहे.

आणखी एक. परेडच्या आधी तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की यात तो माणूस नसेलही? बहुधा नाही. असं सांगितलं नाही की साक्षीदार रांगेतल्या माणसांची एकमेकांशी तुलना करतो आणि त्यातल्या त्यात जवळचा निवडतो. गॅरी वेल्स या मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. "शाब्बास मॅडम"चा परिणामही त्यांनीच मोजला, १९९८मध्ये. चुकीचा माणूस निवडणाऱ्यांना नुसतं सांगितलं की बरोबर ओळखलंत, तर त्यांची खात्री वाढलीच. शिवाय आपल्याला चेहरा नीट दिसला होता, लक्ष नीट होतं, असंही ते मागाहून सांगू लागले. त्या अधिकाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तुम्हाला धीर द्यायचा असेल. पण तुम्ही पत्रात लिहिलेली "कितीतरी महिन्यांची खात्री" बरीचशी त्या शाब्बासकीतून आलेली आहे. संशोधनात पहिल्या, स्वच्छ ओळखीच्या क्षणी साक्षीदार जे म्हणतो त्याला वजन असतं. पुढे वाढलेल्या खात्रीला नाही. तुमचे त्या क्षणाचे शब्द "हाच असावा" हे होते. ते तसेच सांगा.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती खोटी नाही, पण उलटी आहे. खोटी साक्ष म्हणजे चुकीची साक्ष नव्हे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १९१ प्रमाणे, आणि १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ प्रमाणे, जे खोटं आहे आणि जे खोटं असल्याचं तुम्हाला ठाऊक आहे, किंवा जे खरं आहे असं तुम्ही स्वतः मानत नाही, ते शपथेवर सांगणं म्हणजे खोटी साक्ष. त्या कलमाखालीच एक दाखला आहे: एखादा माणूस शपथेवर म्हणतो, ही सही अमक्याची आहे असं मला वाटतं, आणि त्याला प्रामाणिकपणे तसं वाटत असतं. सही अमक्याची नसली तरी त्याने खोटी साक्ष दिलेली नाही, कारण तो आपल्याला काय वाटतं ते खरं सांगत होता. आता विचार करा. "मला खात्री नाही" असं तुम्ही म्हणालात, आणि खरोखर खात्री नाही, तर यात खोटं काय? उलट मनात शंका असताना "होय, हाच, शंभर टक्के" म्हणालात तर तेच व्याख्येच्या जवळ जाईल.

फितूर ठरवलं जाण्याची शक्यता आहे, हे लपवत नाही. सरकारी वकील न्यायालयाची परवानगी घेऊन तुम्हाला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकतात. ते ऐकायला बरं वाटत नाही, विशेषतः मागच्या बाकावर शेजारी बसलेले असताना. पण फितूर घोषित केलं म्हणून साक्षीदाराची सगळी साक्ष पुसली जात नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय वापरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केलं आहे. फोटोबद्दल वकिलांना आधीच सांगितलंत तर त्यांनाही तुम्हाला कसं विचारायचं ते ठरवता येईल. आयत्या वेळी पिंजऱ्यात हे बाहेर आलं तर ते तोंडघशी पडतील, आणि मग ते तुमच्याशी मऊ बोलणार नाहीत.

एक अप्रिय प्रश्न मला विचारायलाच हवा. ही शंका कधीपासूनची? परेडच्या दिवसापासून मनात होती, की समन्स आल्यावर उगवली? की कुणी भेटलं, काही बोललं, नाक्यावर एखादं दुचाकीचं टोळकं उभं दिसलं, त्यानंतर? साडेचार वर्षांनी भीतीसुद्धा शंकेचं सोंग घेते, आणि माझ्यासारखीने लिहिलेलं असलं काही वाचूनही नसलेली शंका उगवू शकते. पत्रावरून मला वाटतं तुमची शंका खरी आहे, कारण तिच्याबरोबर फोटोसारखी नेमकी गोष्ट आहे. तरी स्वतःशी तपासा. धमकी, आमिष, "मुलाचं आयुष्य बरबाद होईल हो" अशी गळ, असं काही घडलं असेल तर ती वेगळी बाब आहे. ती पोलिसांना आणि सरकारी वकिलांना लगेच कळवायची. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिच्याखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. भीतीवर उपाय संरक्षण हा आहे, विसरल्याचं नाटक हा नाही.

जखमी मुलाच्या आईचं काय, हा मला सगळ्यात अवघड भाग वाटतो. कायद्याला पुस्तक आहे, जिन्याला नाही. त्यांच्या दृष्टीने तुम्ही एकमेव आशा आहात, पण तसं आहे का? वार झेललेला मुलगा स्वतः साक्षीदार आहे, आणि जखमीच्या साक्षीला न्यायालयात मोठं वजन असतं. डॉक्टर आहेत, जप्तीचे पंचनामे असतील, कदाचित एखाद्या दुकानाचा सीसीटीव्ही. आणि ओळख बाजूला ठेवली तरी तुमच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे: वेळ, जागा, दोघे होते हे, चॉपर कुणाच्या हातात होता, वार किती दिसले, ते कुठल्या बाजूला पळाले, मुलाला रिक्षात कुणी घातलं. हे सगळं तुम्हाला नीट आठवतंय, त्याला फोटो लागलेला नाही. ते कमी समजू नका.

त्या पुन्हा भेटल्या की केसबद्दल चर्चा करू नका. "मी कोर्टात जाणार आहे आणि जे पाहिलं ते सगळं सांगणार आहे. त्याआधी आपण यावर बोललो तर उलटतपासणीत तेच काढतील, आणि नुकसान तुमच्या मुलाचंच होईल." एवढं म्हणा, ते खरंही आहे. मुलाच्या हाताची चौकशी करा, चहाला बोलवा, पण साक्षीवर गप्प. निकाल मनासारखा लागला नाही तर त्या तुमच्याशी बोलणं सोडतील, कदाचित कायमचं. यावर माझ्याकडे उपाय नाही.

मधल्या दिवसांत करण्यासारखं फार थोडं आहे. एकदाच, एकटीने बसून, मनात तीन गोष्टी वेगळ्या करा: मी स्वतः पाहिलं ते, नंतर ऐकलं किंवा फोनवर पाहिलं ते, आणि कुठून आलं ते सांगता येत नाही असं. बस्स. रोज घोकू नका, नवऱ्यासमोर रंगीत तालीम करू नका, त्या जागी जाऊन उभ्या राहू नका. प्रत्येक उजळणीने तुमची बोलण्याची सफाई वाढेल, माहिती वाढणार नाही. कुणी जबाब पाठ करवून घ्यायला बसलं तर नम्रपणे नको म्हणा. जबाब वाचून दाखवला होता का, असं उलटतपासणीत विचारतातच. दाखवला असेल तर हो म्हणायचं. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे जरूर जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. तिथे झोपेवर, धडधडीवर बोला. घटना पुन्हा रंगवून सांगायची गरज नाही, आणि चांगला समुपदेशक ती मागणारही नाही.

सरकारी वकिलांना गाठणं मुंबईत सोपं नसतं. बहुधा साक्षीच्याच सकाळी व्हरांड्यात पाच मिनिटं मिळतात, तीही पुढच्या साक्षीदाराला हातात धरून. म्हणून समन्सवरचा केस क्रमांक आणि कोर्ट क्रमांक घेऊन दोन-चार दिवस आधी जा. पोलीस ठाण्याचा पैरवी अधिकारी, म्हणजे कोर्टातल्या केसचं काम पाहणारा पोलीस, ओळख करून देईल. बोलणं एका दमाचं ठेवा: "परेडच्या आधी मी ग्रुपवर यांचा फोटो पाहिला होता, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आज मला चेहऱ्याची खात्री नाही."

पिंजऱ्यात तुम्हाला विचारतील, आज कोर्टात त्यांच्यापैकी कुणी हजर आहे का. कायद्याच्या दृष्टीने ही कोर्टातली ओळख हाच मुख्य पुरावा, परेड फक्त तिला आधार देणारी. मानसशास्त्राच्या दृष्टीने नेमकी ही ओळख सगळ्यात कच्ची, कारण आरोपीच्या जागी कोण बसलंय ते शिपायालाही माहीत असतं. या दोन शास्त्रांचं इथे जमत नाही, आणि त्याचा भार साक्षीदारावर पडतो. तुम्ही एवढंच करा, की दोन वाक्यं एकमेकांपासून वेगळी ठेवा. परेडमध्ये ज्याला दाखवलं तो हा, हे आठवत असेल तर तसं सांगा. गल्लीत पाहिलेला तो हाच का, याचं उत्तर वेगळं द्या. हे शब्द पाठ करू नका, तुमच्या शब्दांत येऊ द्या.

बचाव पक्षाच्या वकिलांचे प्रश्न बहुधा "हे म्हणणं खरं आहे का की..." असे सुरू होतील, आणि मध्ये दोन नकार असतील. तिथे नुसतं "हो" किंवा "नाही" फसवं ठरतं. पूर्ण वाक्यात उत्तर द्या: "मी फोटो पाहिला होता." "मी हल्ला पाहिला नाही, हे खरं नाही. मी पाहिला." कळलं नाही तर "प्रश्न समजला नाही" म्हणायला लाजू नका, न्यायाधीश पुन्हा विचारायला लावतात. आठवत नसेल तर "आठवत नाही" हेही उत्तर आहे. अंदाजाने भरू नका. तुम्ही मराठीत बोलाल, पण न्यायाधीश स्टेनोला इंग्रजीत सांगत असतील. साक्ष संपली की ती वाचून, लागल्यास समजावून दाखवण्याची कायद्यात तरतूद आहे. ती मागा. "हाच असावा"चं "हाच आहे" झालेलं असेल तर तिथल्या तिथे सांगा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: उद्या तुमच्यासमोर असं काही घडलं, तर त्याच रात्री, कुणाशी बोलण्याआधी, आपल्या शब्दांत कागदावर लिहून तारीख घाला. ग्रुप बंद ठेवा. पोलिसांनी किंवा कुणीही फोटो दाखवला तर ते जबाबात लिहायला सांगा. परेडमध्ये "यांत नाही" हे उत्तर देता येतं, हे लक्षात असू द्या. आणि ग्रुप ॲडमिन मंडळींनो, पकडलेल्यांचे फोटो टाकून तुम्ही शेजाऱ्याला न्याय मिळवून देत नसता. त्याच्या केसमधला साक्षीदार निकामी करत असता.

ताजा कलम मध्ये तुम्ही विचारलंय, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बरोबर नेलं तर चालेल का. चालेल. अशा खटल्याची सुनावणी सहसा खुल्या न्यायालयात होते, ती मागे बसू शकते. नाव पुकारेपर्यंत तुम्हाला बाहेरच थांबावं लागेल, म्हणून ती सोबत असलेली बरी. डबा आणि पाणी न्या. साक्षीदार हजर असूनही पुढची तारीख पडल्याचं तुम्ही ऐकलं असेलच. उलटतपासणी अर्धी राहून जेवणाची सुट्टी झाली, तर मात्र तिच्याशी साक्षीबद्दल अवाक्षर बोलू नका. तिच्या परीक्षेबद्दल बोला.